डीपी कुणाची?

रब्बीच्या ऐन पाण्याच्या पाळीत डीपी, म्हणजे शेतीपंपांना वीज देणारं रोहित्र, जळते, तेव्हा गावात एक ठरलेला क्रम सुरू होतो. आधी वायरमनला फोन. मग त्या डीपीवरच्या शेतकऱ्यांची यादी: कुणाची मोटर तीन एचपीची, कुणाची पाचची, कुणाची साडेसातची, त्या हिशेबाने वर्गणी. मग कुणाच्या तरी ट्रॉलीत जळकं रोहित्र घालून त्याची तालुक्याकडे रवानगी, आणि येताना दुरुस्त केलेलं दुसरं. कायद्याने पाहिलं तर यातलं एकही काम शेतकऱ्याचं नाही. रोहित्र वीज कंपनीचं आहे. ग्रामीण भागात ते ४८ तासांत बदलून देणं वीज नियामक आयोगाच्या कृती मानकांनुसार कंपनीवर बंधनकारक आहे, आणि उशीर झाला तर भरपाईही मागता येते. पण भरपाईचा अर्ज करणारा शेतकरी विरळा. वर्गणी काढणारी वस्ती मात्र जिल्ह्याजिल्ह्यात सापडते.

ही वर्गणी काढणारी मंडळी म्हणजे एक संस्थाच आहे. तिची नोंदणी नाही, दप्तर नाही, अध्यक्ष नाही. तरी कुणी किती द्यायचे, कुणाला सूट, चुकवणाऱ्याचं काय करायचं, हे सगळे नियम तिच्यापाशी आहेत. स्थानिक ऊर्जाव्यवस्था म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सौर पॅनेलच्या निळ्या रांगा येतात, बॅटऱ्या येतात, फार तर गोबर गॅसची टाकी येते. ही यंत्रं महत्त्वाची आहेतच. पण यंत्र सहा महिन्यांत उभं राहतं. त्याचा मालक कोण, मीटर कोण वाचणार, पैसे कोण गोळा करणार, बिघाड झाला की कुणाच्या दारात जायचं आणि तो ऐकला नाही तर पुढे काय, याची घडी बसायला पिढी जाते, आणि विस्कटायला एक निवडणूक पुरते. हा विषय समजून घ्यायचा तर तो याच बाजूने घ्यावा, असं मला वाटतं. महाराष्ट्रात त्यासाठी सामग्रीही भरपूर आहे, यशाची आणि अपयशाचीही.

आपल्याकडे वीज आली ती मुळात स्थानिक म्हणूनच. मुंबईत १९०५ साली ट्राम आणि वीजपुरवठा यांची मिळून कंपनी निघाली, ती पुढे १९४७ साली महापालिकेने घेतली आणि आजची ‘बेस्ट’ झाली. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं ते मुंबईच्या गिरण्यांसाठी. जिल्ह्याच्या गावी जिथे वीज होती तिथे ती एखाद्या खासगी कंपनीच्या नाहीतर नगरपालिकेच्या इंजिनावर चाले. १९४८च्या कायद्याने राज्य वीज मंडळांची वाट मोकळी झाली आणि १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ अस्तित्वात आलं. मुंबईबाहेर राज्यभर एक जाळं, एक मंडळ, सारखे दर. या केंद्रीकरणाला नावं ठेवण्याची आता फॅशन आहे, पण ते नसतं तर गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या वाडीत खांब रोवायला कुठली कंपनी गेली असती? एवढं मात्र खरं की या व्यवस्थेत गाव फक्त ग्राहक उरलं.

याला एक ठळक अपवाद झाला. केंद्र सरकारने १९६९ साली ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ काढलं. अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत वीज नेली ती तिथल्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांनी. तिथल्याच तज्ज्ञांच्या सल्ल्याने भारतात पाच ठिकाणी तोच प्रयोग करायचं ठरलं: उत्तर प्रदेशात लखनौजवळ, गुजरातेत कोडिनारला, तेव्हाच्या आंध्रात सिरसिल्ल्याला, कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातल्या हुक्केरीला आणि महाराष्ट्रात मुळा-प्रवरा खोऱ्यात. महाराष्ट्रातली जागा निवडण्यात कुणाला फार डोकं खाजवावं लागलं नसेल. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना चालवून दाखवला, त्याला तेव्हा दोन दशकं होत आली होती. कारखाना सहकारी, पतपुरवठा सहकारी, मग वीज का नको? श्रीरामपूरला मुख्यालय असलेली मुळा-प्रवरा सहकारी वीज संस्था त्या परिसरातल्या पावणेदोनशेहून अधिक गावांना वीज देऊ लागली. मंडळाकडून ती घाऊक वीज घ्यायची, आपल्या तारांवरून वाटायची, आपली बिलं काढायची. ग्राहक हाच सभासद.

चाळीसेक वर्षांनी, २०११ साली, परवान्याची मुदत संपली. वीज नियामक आयोगाने तो पुन्हा या संस्थेला दिला नाही. तो भाग मंडळाच्या जागी आलेल्या महावितरण या सरकारी वितरण कंपनीकडे गेला. तोवर घाऊक विजेच्या बिलांची थकबाकी एवढी साचली होती की ती फेडण्याची भाषाही कुणी करत नव्हतं.

या कहाणीचं तात्पर्य बहुतेक लोक एका वाक्यात काढतात: सहकारात राजकारण शिरलं, संपलं. राजकारण होतंच. जे नेते संस्थेवर सत्ता ठेवून होते तेच राज्याच्या सत्तेतही होते, आणि मतदार असलेल्या सभासदाची जोडणी तोडायला कुठला संचालक धजावेल? पण एवढ्याने उत्तर पुरं होत नाही. संस्थेची निम्मी दोरी तिच्या हातात कधी नव्हतीच. शेतीपंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीवर वर्षाचा ठोक आकार लावण्याची पद्धत सत्तरच्या दशकात राज्यात रूढ झाली. दर सरकारी धोरणाने ठरायचे, घाऊक विजेची किंमत मंडळ ठरवायचं, आणि दोन्हींच्या मधली फट संस्थेने भरायची. मंडळालाही हीच फट होती; पण मंडळाकडे मुंबईबाहेरचे सारे कारखाने ग्राहक म्हणून होते, त्यांच्याकडून चढा दर घेऊन शेतीचा तोटा भरता येत होता. ते कमी पडलं तर सरकार पाठीशी. मुळा-प्रवरेच्या पदरात ऊस, विहिरी आणि मोटारी. स्थानिक संस्थेला जबाबदारी द्यायची आणि दर, अनुदान, खरेदी हे तीनही निर्णय वर ठेवायचे, असा हा मांडलेला डाव होता. त्यात प्रामाणिक संचालक मंडळ असतं तरी तोटा टळला नसता. फक्त तो हळू वाढला असता.

त्याच पाचांतल्या हुक्केरी आणि सिरसिल्ला या संस्था आजही वीज वाटत आहेत. हुक्केरीच्या संस्थेची निवडणूक तर अजूनही जिल्ह्याच्या पुढाऱ्यांना घाम फोडते. म्हणजे राजकारण तिथेही आहे. राजकारण असूनही संस्था का टिकते आणि कुठे टिकत नाही, हा सहकाराच्या नावाने बोटं मोडण्यापेक्षा कितीतरी चांगला प्रश्न आहे, आणि या विषयाच्या अभ्यासकांनी त्यावर अजून पुरेसा घाम गाळलेला नाही.

मुळा-प्रवरेला घरघर लागली असतानाच देशाचा वीज कायदा बदलला. २००३च्या कायद्याने मंडळांचे तुकडे पाडायला सांगितलं. ६ जून २००५ रोजी महाराष्ट्रात निर्मिती, पारेषण आणि वितरण अशा तीन कंपन्या आणि त्यांच्या डोक्यावर एक सूत्रधारी कंपनी झाली. वर्तमानपत्रांनी तेव्हा चर्चा केली ती खासगीकरणाची. त्या कायद्याचं कलम ५ फार कमी लोकांनी वाचलं. ग्रामीण भागात घाऊक वीज घेऊन स्थानिक वितरण पंचायत संस्था, वापरकर्त्यांच्या संघटना, सहकारी संस्था, स्वयंसेवी संस्था किंवा फ्रँचायझी यांच्याकडे सोपवण्याचं राष्ट्रीय धोरण आखावं, असं ते कलम म्हणतं. अधिसूचित ग्रामीण भागात वीज तयार करून वाटायला परवानाच लागणार नाही, अशी तरतूद कलम १४मध्ये आहे. कागदावर एवढी मोकळीक मुळा-प्रवरेच्या संस्थापकांनाही मिळाली नव्हती.

झालं काय? फ्रँचायझी आली ती २००७ साली भिवंडीत, यंत्रमागांच्या शहरात, गुजरातच्या एका मोठ्या कंपनीकडे. पुढे औरंगाबाद आणि नागपूरमध्येही शहरी भाग देऊन पाहिले आणि दोन्ही ठिकाणी ते परत घ्यावे लागले. पंचायत संस्था या यादीत पहिल्या होत्या. प्रत्यक्षात त्यांच्या वाट्याला आले ‘ग्रामविद्युत व्यवस्थापक’. २०१६ साली राज्याने ठरवलं की तीन हजारांच्या आतल्या लोकसंख्येच्या गावात ग्रामपंचायतीने आयटीआय झालेला एक स्थानिक तरुण नेमावा, त्याने मीटर वाचावं, बिलं वाटावीत, फ्यूज टाकावा, पथदिवे बघावेत. कल्पना चांगली होती. पण मानधन ग्राहकसंख्येवर, अधिकार शून्य, आणि चूक झाली की ग्रामपंचायत कंपनीकडे बोट दाखवणार, कंपनी ग्रामपंचायतीकडे. गावाला यातून हरकाम्या मिळाला. संस्था मिळाली नाही.

याच काळात एक बदल फारसा गाजावाजा न होता झाला, आणि पुढचं सगळं त्यावर उभं आहे. भारनियमनाच्या भीषण वर्षांत गावठाणाची आणि शेतीची वीज वेगळी करण्याचं काम सुरू झालं. ३३/११ केव्ही उपकेंद्रातून निघणाऱ्या अकरा केव्हीच्या वाहिन्यांपैकी काही फक्त घरांसाठी, काही फक्त शेतीपंपांसाठी. त्यामुळे घरात रात्री दिवा राहिला आणि शेतीला थ्री फेज ठराविक तास देता येऊ लागली: दिवसा आठ तास, नाहीतर रात्री दहा तास, आठवड्याआड पाळी. रात्रपाळी म्हणजे काय हे शेतात राहणाऱ्यालाच ठाऊक. एक तर बॅटरी घेऊन बांधावर जायचं, विंचू-सापाची भीती, जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात बिबट्याची. नाहीतर मोटारीला ऑटो स्विच लावून घरी झोपायचं. ऑटो स्विचचा परिणाम असा की वीज आली रे आली की त्या डीपीवरच्या साऱ्या मोटारी एकदमच सुरू होतात आणि डीपी बसते. कॅपॅसिटर लावा, ऑटो स्विच काढा, असं कंपनी वर्षानुवर्षं सांगते. एकाने काढून उपयोग नाही. सगळ्यांनी काढले तरच भार कमी होतो, आणि सगळ्यांना एकत्र आणणारं तिथे कुणी नाही. डीपी जळल्यावर वर्गणी काढणारी मंडळी डीपी जळू नये म्हणून एकत्र येत नाहीत, कारण तसं करण्यातून मिळणारा फायदा कुणाच्याच नावावर जमा होत नाही.

शेतीची वाहिनी वेगळी झाली म्हणून तिच्यावर सौर प्रकल्प बसवण्याची कल्पना सुचू शकली. पुण्याच्या प्रयास ऊर्जा गटाने ती हिरिरीने मांडली. शेतकऱ्याला दिवसा वीज हवी, सूर्यही दिवसाच असतो, आणि उपकेंद्राजवळच वीज तयार झाली तर वहनातली गळतीही वाचते. २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातलं कोळंबी ही तिची पहिली दोन गावं. २०२३ साली योजनेची दुसरी आवृत्ती निघाली, तिचं उद्दिष्ट पुढे १६,००० मेगावॉटपर्यंत गेलं. वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावचा तीन मेगावॉटचा प्रकल्प हा या आवृत्तीतला पहिला, २०२४ सालचा.

या योजनेला मी स्पष्टपणे चांगली म्हणतो. तीन रुपये युनिटच्या आसपास दिवसाची वीज मिळते, उद्योगांवरचा क्रॉस सबसिडीचा, म्हणजे शेतीचा तोटा चढ्या दराने भरून काढण्याचा, भार हलका होण्याची शक्यता तयार होते, आणि शेतकऱ्याची रात्र सुटते. या तिन्ही गोष्टी एकाच योजनेत बसणं सोपं नव्हतं. पण तिला ‘स्थानिक’ म्हणताना जरा थांबावं. जमीन गावाची, सरकारी गायरान असेल नाहीतर शेतकऱ्याची पडीक. खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं, दरवर्षी तीन टक्के वाढ. ग्रामपंचायतीला तीन वर्षं दरवर्षी पाच लाखांचं अनुदान. प्रकल्प मात्र विकासक कंपनीचा, आणि तो पंचवीस वर्षांच्या कराराने वीज विकणार महावितरणला. निविदा निघाल्या त्याही जिल्हावार मोठ्या गठ्ठ्यांत, जिथे शेतकऱ्यांची कंपनी किंवा तालुक्याची सहकारी संस्था स्पर्धेत उतरण्याचा प्रश्नच नव्हता. गठ्ठे केले म्हणून दर उतरले आणि कामाला वेग आला, हा युक्तिवाद खोटा नाही. पण या व्यवहारात गावाची भूमिका घरमालकाची आहे. भाडेकरू वेळेवर पैसे देतो आहे तोवर घरमालकाला घरात काय चाललंय हे बघण्याचं कारण नसतं.

दुसरा रस्ताही कागदावर होता. २०१९च्या केंद्र सरकारच्या ‘कुसुम’ योजनेच्या पहिल्या घटकात शेतकरी, त्यांचे गट, सहकारी संस्था, पंचायती, पाणीवापर संस्था यांनी स्वतः दोन मेगावॉटपर्यंतचे प्रकल्प उभारून वीज विकावी, असं म्हटलं होतं. देशभरात हा घटक रेंगाळला. बँकेला तारण हवं, वीज कंपनीच्या पैशाची हमी हवी, आणि शेतकऱ्याकडे सात-बाराखेरीज दाखवायला काही नाही. संस्था घडवण्यासाठी लागणारं भांडवल, सल्ला, वेळ यांची तरतूद कुणीच केली नव्हती. पात्रतेच्या यादीत नाव टाकलं की संस्था उभ्या राहतील, असं गृहीत धरलं होतं.

गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावात याच्या उलट घडलं. तुषार शहा आणि आंतरराष्ट्रीय जलव्यवस्थापन संस्थेच्या सहकाऱ्यांनी तिथल्या सहा शेतकऱ्यांना आधी एकत्र आणलं, त्यांची धुंडी सौर ऊर्जा उत्पादक सहकारी मंडळी काढली, आणि मग २०१६ साली त्यांचे सौर पंप विजेच्या जाळ्याला जोडले. पिकाला पाणी देऊन उरलेली वीज मंडळी विकते. वीज कंपनीने ४ रुपये ६३ पैसे दर पंचवीस वर्षांसाठी मान्य केला. बदल्यात शेतकऱ्यांनी अनुदानित जोडणी मागण्याचा हक्क तेवढ्याच काळासाठी सोडला. सुरुवातीला पाणी आणि विजेसाठी वर बोनसही होता. कंपनीचं मीटर मंडळीच्या दारात एकच. आत कुणी किती वीज पाठवली याचा हिशेब सभासदांनी आपसात करायचा. विहिरीतलं पाणी उपसून वाया घालवण्यापेक्षा वीज विकली तर पैसे येतात, हे शेतकऱ्याला रोज दिसतं. मंडळी मोजक्याच जणांची आणि बोनस बाहेरून आलेला, त्यामुळे हा नमुना राज्यभर तसाच उचलता येणार नाही. पण सरकारी योजनांत नेहमी उलटा असणारा क्रम इथे सरळ आहे: आधी माणसं, मग हिशेब, मग यंत्र.

हा क्रम चुकल्यावर काय होतं ते बिहारमध्ये जेहानाबाद जिल्ह्यातल्या धरनईत दिसलं. २०१४ साली एका पर्यावरण संघटनेने तिथे शंभर किलोवॉटचा सौर प्रकल्प उभारला, मोठा समारंभ झाला. गावकऱ्यांनी मुख्यमंत्र्यांकडे ‘खरी वीज’ मागितली. ती तारांवरून आली, स्वस्तही होती, आणि काही वर्षांत सौर प्रकल्प बंद पडला. याउलट पुणे जिल्ह्याच्या सह्याद्रीतल्या दरेवाडीत ग्राम ऊर्जा या कंपनीने २०१२ साली जेमतेम साडेनऊ किलोवॉटचा प्रकल्प बसवला तेव्हा गावचाच न्यास केला, घराघरात मीटर लावले, आणि दरमहा वसुली करून बॅटऱ्या बदलायला पैसे बाजूला ठेवण्याची जबाबदारी त्या न्यासावर टाकली. रक्कम किरकोळ. पण ज्या वस्तीने बिल भरलं तिला प्रकल्पाबद्दल बोलण्याचा हक्कही मिळाला.

बिलाचा हा मुद्दा आता महाराष्ट्रात फार नाजूक झाला आहे. २०२४ साली राज्य सरकारने साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांची वीज २०२९पर्यंत मोफत केली, लाभार्थी ४४ लाखांच्या घरात. शेतकऱ्याला दिलासा हवा, याबद्दल वाद नाही. पण मीटरविना, ठोक अंदाजाने मोजली जाणारी शेतीची वीज आधीच वादग्रस्त होती. प्रताप होगाडे यांच्यासारखे वीजग्राहक चळवळीतले कार्यकर्ते कित्येक वर्षं सांगत आले आहेत की शेतीचा वापर फुगवून दाखवला जातो आणि गळती-चोरी त्याखाली झाकली जाते. आता बिलच शून्याचं असेल तर आकडा तपासण्यात शेतकऱ्याला रस का वाटावा? फुकट विजेची तक्रार करायची तरी कुठल्या तोंडाने, असं त्याला वाटणार. अशा ग्राहकांची संघटना बांधणं पैसे भरणाऱ्या ग्राहकांपेक्षा शतपटीने अवघड आहे. मोफत विजेच्या चर्चेत तिजोरीवरचा बोजा सगळे मोजतात. या मोफत विजेने वीज कंपनी आणि गाव यांच्यातला व्यवहारच काढून घेतला, हा तोटा कुणाच्याच वहीत नाही.

सौर प्रकल्प येत राहतील. त्यांचा दर पडला आहे आणि सरकारला घाई आहे. त्यांच्याभोवती माणसांची कुठली रचना उभी राहते, ती कुणाच्या फायद्याची ठरते, हे ठरायची हीच वर्षं आहेत, कारण आज झालेले करार २०५०पर्यंत चालणार. म्हणून वाचकाला एक विनंती. तुमच्या गावच्या ग्रामसभेपुढे गायरान भाड्याने देण्याचा ठराव आला तर भाड्याचा आकडा ऐकून हात वर करू नका. कराराची प्रत मागा. प्रकल्प मधेच दुसऱ्या कंपनीला विकला तर काय, वाहिनीला दिवसा ठरलेली वीज मिळाली नाही तर कुणी कुणाला जाब विचारायचा, पंचवीस वर्षांनंतर पॅनेल आणि जमीन कुणाची, हे तीन प्रश्न विचारा, आणि त्यांची उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या.